दंड तिजोरीत, रुग्ण वाऱ्यावर

बँकेचे कार्ड चोरीला गेले तर एका फोनवर ते बंद होते आणि काही दिवसांत नवे घरी येते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. रुग्णालयातून फुटलेली माहिती मात्र परत घेता येत नाही. कुणाला कर्करोग झाला होता, कोण मनोविकारतज्ज्ञाकडे जात होते, कुणी गर्भपात करून घेतला, कुणाची एचआयव्ही चाचणी कशी आली, हे एकदा बाहेर पडले की आयुष्यभर बाहेरच राहते. ठरलेले लग्न मोडते, नोकरी हुकते. यातले काहीच घडले नाही तरी ‘कुणाकुणाला कळले असेल’ या धास्तीने झोप उडते ती उडतेच. अशा रुग्णाने दाद मागायची कुठे? भारतीय कायद्यात या प्रश्नाचे आज निदान अर्धे उत्तर आहे. मे २०२७ मध्ये त्यातलाही एक महत्त्वाचा भाग गळून पडणार आहे आणि त्याची म्हणावी तशी चर्चा नाही.

आजवरचा अनुभव पाहिला तर ही धास्ती अनाठायी म्हणता येत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेचे सुमारे ४३ हजार अहवाल इंटरनेटवर कुणालाही उघडता येतील अशा अवस्थेत सापडले. त्यात एचआयव्ही चाचण्यांचे अहवालही होते. २०२० च्या सुरुवातीला जर्मनीतील ग्रीनबोन या सायबर सुरक्षा कंपनीने जगभरातील असुरक्षित सर्व्हरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात भारतीय रुग्णांच्या एक्स-रे, सीटी स्कॅनसारख्या १२ कोटींहून अधिक प्रतिमा उघड्या पडल्याचे आढळले आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर खंडणीखोर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला, असे सरकारने संसदेत सांगितले. देशातील सर्वात नामांकित सरकारी रुग्णालयाचा कारभार जवळपास दोन आठवडे कागद-पेनवर आला. २०२४ मध्ये स्टार हेल्थ या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती टेलिग्रामवरील चॅटबॉटमधून मिळू लागली. ३ कोटींहून अधिक ग्राहकांचा डेटा आपल्याकडे असल्याचा दावा हॅकरने केला. बाहेर आलेल्या कागदांत तपासण्यांचे निकाल आणि रोगनिदानही होते. कंपनीने मद्रास उच्च न्यायालयात धाव घेऊन टेलिग्राम आणि हॅकर यांच्याविरुद्ध अंतरिम आदेश मिळवला. तो दावा कंपनीचा होता. ज्यांचे रोगनिदान चव्हाट्यावर आले, त्यांच्या नुकसानीचा हिशेब मांडण्याची ती जागा नव्हती.

तो हिशेब मांडण्याची सर्वात थेट जागा आज आहे ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये. २००८ च्या दुरुस्तीने आलेले हे कलम सांगते, की संवेदनशील वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्या व्यावसायिक संस्थेने सुरक्षेत हलगर्जी केली आणि त्यामुळे कुणाचे नुकसान झाले, तर त्या व्यक्तीला भरपाई द्यावी लागेल. संवेदनशील माहिती म्हणजे काय, हे २०११ च्या नियमांत लिहिले आहे. शारीरिक व मानसिक आरोग्याची स्थिती, वैद्यकीय नोंदी आणि पूर्वेतिहास, लैंगिक कल, बायोमेट्रिक माहिती हे सारे त्यात येते. खासगी रुग्णालय, प्रयोगशाळा, विमा कंपनी, औषधे घरपोच देणारे अॅप यांना ‘आम्ही फक्त सेवा देतो’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

ही तक्रार ऐकतो राज्याचा न्यायनिर्णय अधिकारी. प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव या पदावर असतात. ५ कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचे दावे त्यांच्यापुढे चालतात, त्यावरचे दिवाणी न्यायालयात. दावा शक्यतो चार ते सहा महिन्यांत निकाली काढावा, असे नियम सांगतात. निकाल मान्य नसेल तर ४५ दिवसांत टीडीसॅट या न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. हे पद कागदापुरते नाही, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पुण्यातील एका उद्योगाच्या बँक खात्यातून ऑनलाइन फसवणुकीने सुमारे ८० लाख रुपये गेले, तेव्हा फेब्रुवारी २०१३ मध्ये राज्याच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यांनी सुरक्षेतील त्रुटींवर बोट ठेवून बँकेला ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. बँकेचे ग्राहक या दारापर्यंत पोहोचले. रुग्णांपैकी बहुतेकांना मंत्रालयात असे दार आहे याचाच पत्ता नाही.

या दाराच्या चौकटी अरुंद आहेत, हेही खरे. ४३-अ मध्ये हलगर्जी आणि नुकसान या दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. पैशाचे नुकसान पासबुकात दिसते, बदनामीचे आणि मनस्तापाचे आकडे कुठून आणायचे? सर्व्हरची देखभाल कशी होती, हे रुग्णालयालाच ठाऊक असते, रुग्णाला नाही. शिवाय हे कलम व्यावसायिक संस्थांसाठी आहे. सरकारी रुग्णालय त्या व्याख्येत बसवणे कठीण. तरीही भरपाई मागण्याचा हक्क शब्दांत लिहिलेला आहे आणि ती रुग्णाच्या हातात पडते, हे या कलमाचे मोल आहे.

हेच कलम आता पुसले जाणार आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात येतील आणि त्याच वेळी कलम ४३-अ रद्द होईल.

नव्या कायद्यात चांगले काही नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. माहिती फुटली तर प्रत्येक बाधित व्यक्तीला विनाविलंब आणि सोप्या भाषेत कळवण्याचे बंधन त्यात आहे. काय फुटले, केव्हा फुटले, त्याचे परिणाम काय होऊ शकतात, स्वतःच्या बचावासाठी काय करावे आणि चौकशी कुणाकडे करावी, हे सारे सांगावे लागेल. डेटा संरक्षण मंडळाला तपशीलवार अहवाल ७२ तासांत द्यावा लागेल. आजवर रुग्णालयाच्या गळतीची बातमी रुग्णाला वर्तमानपत्रातून कळत असे, हे लक्षात घेतले तर हा मोठाच बदल आहे. खास सूट दिलेली नसेल तर सरकारी संस्थाही या कायद्याच्या कक्षेत येतात. सुरक्षेची काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत आणि गळती लपवल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

घोडे अडते ते पुढे. दंडाची ही सगळी रक्कम भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होणार. ज्याच्या आजाराचा बाजार झाला त्या रुग्णाला त्यातला एक रुपयाही मिळण्याची सोय कायद्यात नाही. रुग्णाने आधी रुग्णालयाकडेच तक्रार करायची, तिच्या उत्तरासाठी ९० दिवसांपर्यंत थांबायचे आणि मग मंडळाकडे जायचे. मंडळ फार तर दंड करील. उलट तक्रार खोटी किंवा उथळ ठरली तर तक्रारदारालाच १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ज्या कायद्यात पीडिताला भरपाई शून्य आणि दंड मात्र शक्य आहे, त्या कायद्याचे पारडे कुठे झुकले आहे हे सांगायला वकील लागत नाही.

हे अनवधानाने झालेले नाही. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये तयार केलेल्या मसुद्यात भरपाईचा हक्क होता. २०१९ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकातही तो होता. आरोग्यविषयक माहितीला संवेदनशील म्हणून वेगळे संरक्षणही दोन्हींत होते. २०२३ च्या कायद्यात दोन्ही गोष्टी गळाल्या. आज कायद्यापुढे रुग्णाचा बायोप्सी अहवाल आणि किराणा दुकानाच्या यादीतला त्याचा फोन नंबर एकाच वर्गातले आहेत. युरोपीय संघाच्या कायद्यात पैशाच्या नुकसानीबरोबर मनस्तापाचीही भरपाई मागण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. भारतीय कायदा करणाऱ्यांपुढे तोही नमुना होता.

मग रुग्णाच्या हाती उरते काय? सर्वात जवळचे दार ग्राहक आयोगाचे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात ठरवले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला उघड करणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरवली. म्हणजे प्रयोगशाळेने रुग्णांची यादी औषध कंपनीला किंवा विमा दलालाला दिली, तर त्याविरुद्ध थेट तरतूद आहे. हॅकरने माहिती चोरली असेल आणि रुग्णालयाने साधी कुलपेही लावली नसतील, तर ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून दावा मांडता येतो. मानसिक त्रासाची भरपाई देण्याची परंपरा ग्राहक आयोगांत जुनी आहे आणि ४३-अ ची उणीव इथे भरून निघते.

हे दार सोयीचेही आहे. रुग्ण जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुंबईच्या रुग्णालयाविरुद्ध लातुरात बसूनही. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. वकील सक्तीचा नाही. एकाच गळतीने बाधित झालेले अनेक रुग्ण आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकच तक्रार करू शकतात. एकेकट्याने लढण्यापेक्षा हा मार्ग अधिक शहाणपणाचा. मुदत मात्र दोन वर्षांची आहे आणि ती उलटली की उशिराचे कारण पटवून द्यावे लागते.

उपचार मोफत झाले असतील तर? १९९५ च्या निकालानुसार सर्वांनाच मोफत सेवा देणारे रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर राहते. जिथे काहींकडून पैसे घेतले जातात, तिथे मोफत उपचार घेतलेला रुग्णही ग्राहकच असतो. विमा कंपनीने किंवा मालकाने बिल भरले तरी तो उपचार मोफत ठरत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खासगी रुग्णालयात उपचार घेतलेल्या रुग्णाला याच न्यायाने आयोगापुढे उभे राहण्याचा आधार आहे. पूर्णतः मोफत सरकारी रुग्णालयाच्या बाबतीत उच्च न्यायालयाचा मार्ग उरतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितले. मूलभूत हक्काच्या भंगासाठी सरकारकडून भरपाई मागता येते, हे १९९३ च्या नीलाबती बेहेरा खटल्यापासून मान्य आहे. मात्र रिट याचिका हा खर्चाचा आणि चिकाटीचा मार्ग आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक आणि अल्प उत्पन्न गटातील व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

नवा कायदा पूर्ण लागू झाल्यावर ग्राहक आयोगाचे दारही वादात सापडू शकते. मंडळाच्या अधिकारातील विषयांवर दिवाणी न्यायालयात दावा चालणार नाही, असे त्याचे कलम ३९ सांगते. कलम ३८ मात्र हा कायदा इतर कायद्यांना पूरक असल्याचे म्हणते आणि ग्राहक आयोग हे दिवाणी न्यायालय नव्हे. रुग्णाची बाजू यात भक्कम आहे. पण बड्या रुग्णालयांचे वकील कलम ३९ पुढे करणार आणि हा वाद वरच्या न्यायालयापर्यंत जाणार, हे उघड आहे. तोवर रुग्णाने तारखा मोजायच्या.

काही आजारांसाठी वेगळे कवच आहे. २०१७ चा एचआयव्ही कायदा संमतीशिवाय रुग्णाची स्थिती उघड करण्यास मनाई करतो, नोंदी ठेवणाऱ्या संस्थांवर त्या सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी टाकतो आणि तक्रारीसाठी राज्याने लोकपाल नेमावा असे सांगतो. अशा प्रकरणात न्यायालयात खरे नाव न वापरता टोपणनावाने दाद मागता येते. नाव फुटले म्हणून न्यायालयात जायचे आणि तिथे ते पुन्हा फुटायचे, हा फेरा त्यामुळे टळतो. २०१७ चाच मानसिक आरोग्य कायदा गोपनीयतेचा हक्क देतो. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव डॉक्टरने उघड केल्यास २०२१ च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. माहिती एखाद्या डॉक्टरनेच फोडली असेल तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. तिथे भरपाई मिळत नाही, पण डॉक्टरची नोंदणी धोक्यात येते.

पोलिसांकडे जाणे हा भरपाईचा मार्ग नसला तरी तो टाळू नये. फुटलेल्या माहितीवरून कुणी खंडणी मागितली किंवा रुग्णाच्या ओळखपत्रावर कर्ज काढले तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. तासाभराच्या विलंबानेही पैसे अडवणे अवघड होते. फिनलंडमध्ये वास्तामो या मानसोपचार संस्थेच्या सुमारे ३३ हजार रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या. २०२० मध्ये चोराने संस्थेकडून खंडणी मिळेना म्हणून रुग्णांनाच एकेक करून धमकावले. आपापल्या मानसोपचारतज्ज्ञाला विश्वासाने सांगितलेले शब्द हजारो माणसांपुढे धमकी बनून आले. हजारोंनी पोलिसांत तक्रारी केल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये चोराला सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. संस्था मात्र २०२१ मध्येच दिवाळखोरीत गेली होती. चोर सापडला तरी भरपाई देणारे कुणी उरेलच असे नाही, हा त्यातला धडा.

कोणतेही दार ठोठावले तरी आत पुरावा मागितला जातो. गळतीचा संदेश आला की तो पुसू नये. तारीख आणि वेळ दिसेल अशी प्रत ठेवावी. मोबाइलवरील पुरावा न्यायालयात मान्य होण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. दाखल झाल्याची पावती, बिल, सही केलेले संमतीपत्र, विमा कंपनीचे पत्र हे सारे ‘माझी माहिती यांच्याकडे होती’ याचे पुरावे आहेत. काय फुटले, केव्हा फुटले आणि त्यावर काय केले, अशी लेखी विचारणा रुग्णालयाला ईमेलने करावी. उत्तर आले तर पुरावा, नाही आले तर तेही पुराव्यातच जमा. आपल्या वैद्यकीय नोंदींची प्रत मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. मे २०२७ पूर्वी गळती झाली असेल तर ४३-अ खालील दावा लांबणीवर टाकण्यात शहाणपण नाही.

रुग्णालयांची बाजूही ऐकायला हवी. तालुक्याच्या ठिकाणी दहा खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरकडे सायबर तज्ज्ञ कुठून येणार? हल्ला झाला तर तोही एका अर्थी पीडितच असतो. त्याला कोट्यवधींचा दंड करून रुग्णालयाला टाळे लागले, तर गावाचेच नुकसान. दंड ठरवताना चुकीचे गांभीर्य आणि परिणाम पाहावेत, असे कायदा मंडळाला सांगतोच. डॉक्टरची अडचण खरी असली तरी तिचा भार रुग्णाने का उचलायचा? रुग्णालये वैद्यकीय हलगर्जीसाठी विमा उतरवतात. माहितीच्या गळतीसाठीही तसा विमा सक्तीचा करता येईल, म्हणजे डॉक्टर बुडणार नाही आणि रुग्णही कोरडा राहणार नाही.

सरकार एकीकडे प्रत्येक नागरिकाला ‘आभा’ क्रमांक घेऊन आपल्या आरोग्याच्या नोंदी डिजिटल करण्याचे आवाहन करते. त्याचे फायदे आहेत. जुना अहवाल हरवत नाही, दुसऱ्या शहरात उपचार सोपे होतात. पण कपाटातील फायली एका जागी आणणाऱ्याने कुलपाची आणि चोरीनंतरच्या भरपाईचीही हमी द्यायला हवी. त्यासाठी फार मोठे काही लागत नाही. मे २०२७ पूर्वी कायद्यात दुरुस्ती करून भरपाईचा हक्क परत आणावा, किंवा तोवर कलम ४३-अ रद्द करणे पुढे ढकलावे. दंडाच्या रकमेतील ठरावीक हिस्सा बाधितांसाठी राखून ठेवावा. आरोग्याच्या माहितीला पुन्हा संवेदनशील म्हणावे. राज्य सरकारला तर कायदा बदलण्याचीही गरज नाही. न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे अर्ज कसा करायचा, याची मराठीतील माहिती प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर लावली, तरी अनेकांना पहिल्यांदाच आपला हक्क कळेल.

दुखणे अंगावर काढू नये, असे डॉक्टर रुग्णाला सांगतात. माहिती फुटल्याचे दुखणेही रुग्णाने अंगावर काढू नये. पण त्याने औषध मागायला यावे आणि खिडकी बंद असावी, अशी वेळ कायद्याने आणू नये. ती खिडकी उघडी ठेवायला संसदेच्या हाती मे २०२७ पर्यंतचा वेळ आहे.